कामाची खरी हकीकत



हल्ली नोकरदार माणसाला दोन ठिकाणी काम करावे लागते. एक कामाच्या जागी आणि दुसरे लिंक्डइनसारख्या समाजमाध्यमावर, जिथे त्या कामाची वार्ता द्यावयाची असते. या दुसऱ्या ठिकाणी प्रत्येक योजना फळते, प्रत्येक सहकारी गुणी असतो आणि प्रत्येक साहेब प्रेरणादायी! फसलेले काम तिथे औषधालाही सापडत नाही. हे सारे खोटेच असते असे आम्ही म्हणत नाही. परंतु अर्धे सांगितलेले खरे पुष्कळदा पुऱ्या खोट्याचेच काम करते.

मग आपल्या कामाबद्दल चारचौघांत खरे कसे बोलावे? उत्तरासाठी लांब जावयास नको. आपल्या गडचिरोलीत १९८६ साली डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था काढली. १९८९ साली त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीची हकीकत छापली. शेकडा ९२ स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्यासाठी पूर्वी तपासणी झालेल्या होत्या शेकडा अवघ्या ८. हे वैद्यकीय व्यवसायाला ऐकावयास गोड नव्हते. परंतु ज्या व्यवसायाची उणीव, त्याच्याच चव्हाट्यावर ती मांडली गेली. आकड्यांनिशी, आणि एकाही बाईचे नाव उघड न करता.

पुढे १९९९ साली त्याच नियतकालिकात ३९ गावांतील नवजात बालकांच्या घरगुती सेवेचा हिशेब आला. दर हजारी ६२ मृत्यू होत, ते तिसऱ्या वर्षी २५.५ वर आले. आज एखाद्याने ‘मृत्यू निम्म्याहून कमी’ एवढीच ओळ छायाचित्रासह झळकवली असती. तिथे मात्र उरलेले मृत्यूही लिहिले होते, आणि ही सेवा नसलेल्या ४७ गावांचे आकडेही शेजारी ठेवले होते, की ज्याला शंका असेल त्याने ताडून पाहावे. हीच पद्धत २०११ पासून देशभरच्या आशांच्या कामात आली. पडताळता येणाऱ्या हिशेबाचे बळ ते हे.

कोणी म्हणेल, ते आपल्या संस्थेचे धनी होते. कंत्राटी परिचारिकेने किंवा रोजंदारीवरच्या वनमजुराने हे धाडस कशाच्या भरवशावर करावे? आक्षेप रास्त आहे. बालमृत्यू नोंदला की दोष नोंदणाऱ्याच्या माथी येतो, असे एकदा दिसले की नोंदणे थांबते. मुले मरावयाची थांबत नाहीत. म्हणून खरे बोलण्याचा भार केवळ दुबळ्याच्या खांद्यावर टाकून चालणार नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने हे ओळखले. तिथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. एकट्याचा विरोधही ऐकून घ्यावाच लागतो. खरे बोलणाऱ्याला शूर व्हावे लागू नये, अशी ती व्यवस्था आहे.

तेव्हा आमचे मागणे दोघांकडे आहे. लिहिणाऱ्याने यशाशेजारी उरलेले काम लिहावे, आणि दुसऱ्याची उणीव काढण्याआधी आपली मांडावी. वरच्या खुर्चीवर बसलेल्याने अशी हकीकत वाचली की ‘हे कोणी लिहिले?’ असे न विचारता ‘हे कसे सुधारू या?’ असे विचारावे. हा दुसरा प्रश्न ज्या कचेरीत ऐकू येईल, तिथे पहिल्या गोष्टीसाठी व्याख्यान देण्याची गरज पडणार नाही.