मधुमेह आणि शेजारधर्म



आमच्या अण्णांना डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले आणि एक छापील कागद दिला. त्यावर ओट, सॅलड, ऑलिव्हचे तेल! वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, यातलं आपल्या घरात काय आहे ते तरी सांगा!" कागद फडताळात गेला, ताट होते तसेच राहिले. दोन वर्षांनी अण्णांना मधुमेह झाला.

वहिनींचा हा प्रश्न दूर अमेरिकेतही उभा राहिला. मेक्सिको, पोर्तो रिको, डोमिनिकन प्रजासत्ताक अशा भागांतून आलेल्या स्पॅनिशभाषी लोकांना तेथे हिस्पॅनिक म्हणतात. त्या देशात प्रौढ माणसाला जन्मभरात मधुमेह होण्याचा संभव शेकडा ४० मानला जातो. हिस्पॅनिकांत तो ५० च्याही वर आहे.

उपाय काही गूढ नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ माणसांवर तेथे एक मोठा प्रयोग झाला; त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. वजन शेकडा ७ ने उतरवायचे आणि आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालायचे, असा नेम ज्यांना घालून दिला, त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण शेकडा ५८ ने घटले. मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत ते ३१ ने घटले. म्हणजे गोळीपेक्षा पाय सरस ठरले!

पण हे लोकांना सांगायचे कोणी, आणि कोणत्या भाषेत? मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स हे कापडगिरण्यांचे जुने गाव. तेथे ३१२ हिस्पॅनिकांना घेऊन असाच एक प्रयोग झाला. त्यांत स्त्रिया अधिक, मिळकत बेताची. निम्म्या मंडळींसाठी वर्षभरात १३ सामुदायिक बैठका आणि ३ वैयक्तिक भेटी ठेवल्या. इतर कित्येक वस्त्यांत हे काम 'प्रोमोतोरा' करतात. प्रोमोतोरा म्हणजे थोडे शिक्षण दिलेली त्याच वस्तीतली बाई. ती डॉक्टर नव्हे, शेजारीण. तोर्तिया ही त्यांची मक्याची पोळी. ती सोडा, असे प्रोमोतोरा म्हणत नाही. तीनच्या दोन करा म्हणते. गोड सोड्याऐवजी पाणी प्या म्हणते, आणि संध्याकाळी चालायला स्वतः बरोबर निघते.

लॉरेन्सचा निकाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. वजन सरासरी किलोभरच उतरले होते. कोणी नाक मुरडील. पण ज्यांना या बैठका मिळाल्या नाहीत, त्यांचे वजन उलट थोडे वाढलेच! कष्टकरी माणसाला स्वतःसाठी वेळ काढणे सोपे नसते, हेही लक्षात घ्या. वर्षभराचे असे वर्ग चालवण्याची राष्ट्रीय योजना अमेरिकेत २०१० साली कायद्याने सुरू झाली. त्यांची पुस्तके स्पॅनिशमध्येही आहेत.

शिक्षकबंधूंनो, तोर्तियाच्या जागी भाकरी ठेवून पाहा. आठवड्यातून एक संध्याकाळ शाळेच्या ओसरीवर दहा माणसे जमवा, एक वजनकाटा ठेवा, आणि कोणाच्या ताटातले काय व किती कमी करता येईल ते त्यांच्याशीच बोलून ठरवा. मग सगळे मिळून गावाला एक फेरी घाला. अण्णांना कागद मिळाला होता, सोबत मिळाली नव्हती. ती सोबत तुम्ही कोणाला तरी देऊ शकाल.