कर्णनाद आणि चित्तशांती

सुश्रुताने सांगितलेल्या २८ कर्णरोगांत कर्णनादही आहे. सिल्वासा परिसरातील कारखान्यांच्या गोंगाटात वर्षानुवर्षे राबलेला कामगार खेरडीस घरी परततो. निजानीज होताच कानांत गुणगुण सुरू होते. जपास बसावे, तर चित्त तिकडेच धावते. हा अनाहत नाद समजू नये. अंतःकर्णातील सूक्ष्म पेशी झिजल्या की श्रवणाची उणीव मेंदू स्वतःच भरून काढतो, असे शास्त्रज्ञ मानतात. प्रथम कान तपासून घ्यावेत. नाद एकाच कानात किंवा नाडीच्या ठेक्यावर असल्यास तर अवश्यच. नंतर मात्र त्याच्याशी झुंजू नये. भयाने तो वाढल्यासारखा भासतो. निर्भय उपेक्षेने मेंदू त्यास सरावतो. निजताना पंख्याचा मंद ध्वनी असू द्यावा. नाद कदाचित राहील. त्याची सत्ता मात्र हळूहळू ओसरेल.