गाडी पुसताना

दसऱ्याच्या आदल्या दिवशी अंबाजोगाईत गल्लोगल्ली गाड्या धुतल्या जातात. धुण्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पुसणं मात्र घाईत उरकलं जातं. रंगाचं नुकसान होतं ते तिथेच.

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतात. उन्हात थेंब वाळला की पाणी उडतं आणि क्षार पांढरा गोल डाग होऊन बसतात. म्हणून गाडी आपोआप वाळू देणं इथे परवडत नाही. डाग पडलाच, तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकंच पाणी घालून मऊ कापडाने अलगद टिपा आणि लगेच साध्या पाण्याने धुवा.

आता पुसायचं कसं? रंगावरचा पारदर्शक थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ. जुना टॉवेल किंवा पंचा घेऊन गोल गोल घासलं, की कापडात अडकलेला मातीचा कण त्या थरावर चरे ओढतो. काळ्या गाडीवर ते उन्हात लगेच दिसतात.

गाडी सावलीत घ्या, बॉनेट हाताला गार लागू द्या. शेवटचं पाणी टपावरून संथ सोडा. पाइप नसेल तर तांब्याने ओता. सलग उतरणारं पाणी बरेचसे थेंब सोबत घेऊन जातं. मग जाड मायक्रोफायबरचं कापड पत्र्यावर पसरा, तळव्याने हलकं दाबा आणि दोन्ही कोपरे धरून सरळ आपल्याकडे ओढा. घासायचं अजिबात नाही. आधी टप, मग काचा, बॉनेट, दरवाजे. दाराखालच्या पट्टीला आणि चाकांना वेगळं कापड. कापड जमिनीवर पडलं, तर धुतल्याशिवाय पुन्हा रंगाला लावू नका. आरशांच्या आणि दारांच्या फटीतलं पाणी नंतर ओघळतं, तेही टिपा. सगळं झालं की गाडी थोडी चालवून दोन-तीनदा ब्रेक दाबा, म्हणजे डिस्क कोरड्या होतात.

ही कापडं सुती कपड्यांसोबत धुऊ नका, त्यांचे धागे चिकटतात. सॉफ्टनरही नको, त्याने कापड पाणी शोषेनासं होतं.

2016 मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही. तेव्हा रोज गाडी धुवा, असं मी सांगणार नाही. पण धूळ दिसली म्हणून रोज सकाळी कोरडा फडका मारायची सवय आजच सोडा. चार दिवस धूळ राहिली तरी चालेल. पाणी येईल त्या दिवशी धुवा.