जुन्या कटरची प्रत आपणच काढू

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



उलंगवाडी झाली की आपल्या मुलखात जळतणाचा हंगाम सुरू होतो. पऱ्हाट्या आणि तुराट्या घरी येतात, त्या काही महिने पुरतात. पण पऱ्हाटीचा जाळ भसकन उठतो आणि तसाच बसतो. रोजच्या भाकरीला तो ठीक. लग्नकार्याची चूल पेटवायची असेल किंवा पावसाळाभर पुरेल असे सरपण रचून ठेवायचे असेल, तर धुऱ्यावरची बाभूळच उतरवावी लागते. गॅसची टाकी घरात आली, ती संपल्यावर भरायचे पैसे आले नाहीत; म्हणून चूल अजून विझलेली नाही आणि डोक्यावरचा भाराही उतरलेला नाही. बाभळीचा ओंडका कुऱ्हाडीने फोडायला आता माणूस मिळत नाही आणि मिळाला तर त्याची मजुरी लाकडाच्या किमतीला जाऊन भिडते.

अशा वेळी गावात कोणीतरी येतो आणि सांगतो, झाडे तोडणाऱ्या ठेकेदाराकडे जुनी मशीन आहे, स्वस्तात देतो म्हणतो. चेन-सॉ म्हणजे आपण ज्याला नुसते कटर म्हणतो ती. चार घरे मिळून पैसे काढतात, मशीन येते, आठ दिवस चालते आणि मग गोठ्यातल्या खुंटीला टांगली जाते. आज बोलायचे आहे ते याच सौद्याबद्दल.

खरेदी केंद्रावर आपला कापूस जातो तेव्हा काय होते ते आठवा. ग्रेडर गाडीत हात घालतो, ओल पाहतो, कवडी वेगळी काढतो, धागा ओढून पाहतो, आणि मग आपल्या मालाची प्रत सांगतो. आपण मुकाट ऐकतो. मग दुसऱ्याचा माल आपल्या दारात येतो तेव्हा आपण रंग पाहून पैसे का मोजावेत? तेव्हा तरी ग्रेडर आपण व्हायला पाहिजे.

पहिली गोष्ट, मशीन कोणत्या जातीची आहे ते ओळखा. आपल्याकडे जुन्या मोठ्या मशिनींत सर्वांत जास्त नाव ऐकू येते ते जर्मनीच्या स्टील कंपनीच्या ०७० चे. या घराण्याचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यावरून मशीनचे वय कळते. १९५९ साली या कंपनीने काँट्रा नावाची मशीन काढली. तिच्यात मधला गिअर नव्हता. इंजिनाच्या दांड्यावरच्या चक्रातून चेन थेट फिरायची. ०७० त्याच वळणाची. तिचे इंजिन सुमारे १०६ सीसीचे, म्हणजे कितीतरी मोटारसायकलींएवढे, आणि बार-चेन न लावताच वजन दहा-अकरा किलोच्या घरात. आशिया-आफ्रिकेत ती पुढे कितीतरी वर्षे विकली गेली. तिच्या चिनी नकलाही बाजारात पोत्याने आहेत, आणि इथेच पहिली फसगत होते.

बोगस बियाण्याची पिशवी हुबेहूब असते, आत काय आहे ते उगवल्यावर कळते. मशीनचे तसे नाही, आत डोकावून पाहता येते. वरचे झाकण आणि त्यावरचे नाव कोणीही बदलू शकतो, नवा रंगही कोणीही मारू शकतो. म्हणून झाकण पाहू नका, ओतीव धड पाहा. धडावर कोरलेला अनुक्रमांक आहे का? तो घासून काढलेला दिसला तर तिथूनच परत फिरा. स्टीलच्या सुट्या भागांच्या क्रमांकात पहिले चार आकडे मशीनची मालिका सांगतात. ०७० आणि ०९० ची मालिका ११०६. नकला करणारे हे आकडेही ओततात, म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबू नका. ओतकाम किती सफाईदार आहे, स्क्रूचे आटे कसे आहेत, तेही बोट फिरवून पाहा. नक्कल म्हणजे टाकाऊच असे आमचे म्हणणे नाही. पण मूळ मालाचा भाव नकलेला द्यायचा नाही.

दुसरा प्रश्न असा, की एवढी मोठी मशीन आपल्याला हवी आहे का? मांडीएवढ्या बाभळीला १०६ सीसी म्हणजे कोंबडीवर नांगराचा फाळ. मनगटाएवढ्या फांद्यांना कोयता आणि कुऱ्हाडच बरी, आणि पऱ्हाटीच्या ढिगाला तर कटर लावूच नये, काटक्या चेनमध्ये अडकून अंगावर उडतात. आपल्या धुऱ्यावरच्या कामाला ५०-६० सीसीची, चेन-ब्रेक असलेली मशीन पुरते. वादळात पडलेला जुना निंब, दोन-दोन फूट जाडीची खोडे असे काम चार-पाच गावांत मिळून निघत असेल, तरच मोठ्या मशीनच्या वाटेला जा.

आता प्रत काढायची. म्हैस विकणारा बाजाराच्या दिवशी दूध तुंबवून आणतो, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. मशीन विकणाराही ती आधी तापवून ठेवतो, कारण तापलेली मशीन लवकर सुरू होते आणि गार मशीन खरे बोलते. आम्ही येईपर्यंत चालू करू नका, असा निरोप आधी द्या. गेल्या गेल्या सायलेन्सरजवळ हात न्या. तो गरम लागला तर चहा घ्या, गप्पा मारा, दोन तास थांबा.

मग स्विच बंद ठेवून दोरी सावकाश ओढा. हाताला अडथळा लागला पाहिजे, टप्प्याटप्प्याने दाब जाणवला पाहिजे. दोरी विहिरीच्या रहाटासारखी सरसर आली, तर सिलिंडरमध्ये दम नाही. आणखी एक जुनी परीक्षा आहे. खाली पोते अंथरा आणि दोरीची मूठ धरून मशीन जमिनीपासून वीतभर उचला. चांगली मशीन हबके खात हळूहळू खाली येते, झिजलेली धपकन बसते. मेकॅनिककडे दाब मोजायचे गेज असेल तर प्लगच्या जागी लावून पाच-सहा वेळा दोरी ओढायला सांगा. काटा १२० पौंडांच्या खालीच अडखळला तर सावध व्हा.

पण खरी परीक्षा सायलेन्सर काढल्यावर होते, आणि बहुतेक लोक नेमकी हीच टाळतात. सायलेन्सरचे स्क्रू काढायला दहा मिनिटे लागतात. आत भोकातून पिस्टनची बाजू दिसते. बॅटरीचा उजेड पाडा आणि दोरी हळू ओढत पिस्टन वरखाली करून पाहा. बाजू गुळगुळीत असेल, बारीक आडव्या रेषा असतील, तर माल पहिल्या प्रतीचा. उभे खोल ओरखडे दिसले, जणू नखाने ओरबाडले आहे, तर पेट्रोलमध्ये ऑइल कमी पडून किंवा हवा जास्त ओढून ती मशीन कधीतरी आतून जळाली आहे. अशी मशीन सुरू होईल, दोन ओंडके कापूनही दाखवेल, आणि तुमच्या घरी येऊन बसेल. विकणारा सायलेन्सर काढू देत नसेल, तर त्याला ते ओरखडे ठाऊक आहेत असे समजा.

ठिणगी पाहायची ती प्लग बाहेर काढून, सिलिंडरच्या पात्यांना टेकवून. निळी, कडक ठिणगी हवी. प्लगच्या भोकाजवळ पेट्रोलचा थेंब नको. इथे एक गंमत आहे. जुन्या मशीनला पॉइंटवाला मॅग्नेटो असेल आणि ठिणगी येत नसेल, तर घाबरू नका, उलट भाव पाडा. पॉइंट काळे पडले असतील, कंडेन्सर गेला असेल. राजदूत आणि लुना दुरुस्त करून म्हातारा झालेला मेकॅनिक प्रत्येक तालुक्याला एखादा तरी असतो, त्याला हे काम डोळे मिटून येते. ठिणगीचा रोग स्वस्तात बरा होतो, सिलिंडरचा महागात. दोन रोगांचा भाव एक नाही.

मशीन सुरू झाल्यावर हात सोडला की चेन थांबली पाहिजे. मंद चालीवरही चेन फिरत राहिली तर एक तर चाल जास्त ठेवली आहे, नाहीतर क्लचच्या स्प्रिंगा गेल्या आहेत. मूठ सोडल्यावरही इंजिन ओरडतच राहिले, सावकाश उतरले, तर कुठून तरी हवा आत शिरते आहे. सील कडक झाले असतील. बारचे टोक कोरड्या कागदावर धरून जोर द्या, कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. ती नाही उमटली तर तेलाचा पंप पाहावा लागेल. बार आणि पुढचे दातेरी चक्र झिजणारच, ते बदलायचे भाग आहेत. त्याचे पैसे भावातून कापायचे, एवढेच.

चेन मात्र मापूनच घ्या. लागोपाठ तीन रिबेटांचे अंतर मोजा आणि त्याचे निम्मे करा. ०७० वर सहसा येणाऱ्या चेनमध्ये तीन रिबेटांत साधारण साडेवीस मिलिमीटर भरतात. चक्र एका मापाचे आणि चेन दुसऱ्या मापाची असेल तर दोन्ही खराब होतात. या चेनच्या दाताची कथा ऐकण्यासारखी आहे. १९४६ साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने एका ओंडक्यात लाकूड पोखरणारी अळी पाहिली. ती जबडा डावीकडे-उजवीकडे हलवत लाकूड खरवडत होती. त्यावरून त्याने चेनचा दात घडवला, आणि आजही सगळ्या जगात चेनचे दात त्याच वळणाचे आहेत. अळीने कास्तकाराचे नुकसानच केले. लाकूडतोड्याला मात्र ती काही देऊन गेली!

पेट्रोलचे सांगायचे राहिले. या इंजिनाला वेगळे ऑइल नसते, ते पेट्रोलातच मिसळायचे. जुन्या मशीनला साध्या टू-स्ट्रोक ऑइलने एक लिटरला ४० मिली टाका, म्हणजे पंचवीसास एक. आणि आता पंपावरच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलला आमचा विरोध नाही, शेतातल्या मालाचे इंधन होते ही चांगलीच गोष्ट. पण चाळीस वर्षांपूर्वीच्या मशीनचे रबर त्यासाठी घडवलेले नव्हते. कार्बुरेटरमधला पडदा ताठरतो, नळ्या चिरतात. म्हणून जुनी मशीन घेतली की पडदा आणि नळ्या आधी बदला, आणि काम संपले की टाकी रिकामी करून, उरलेले पेट्रोल जळेपर्यंत इंजिन चालवून ठेवा. चेनला जळके इंजिन ऑइल टाकायची गावोगाव पद्धत आहे. त्यात धातूची कीस असते, पंप खाते, आणि ते हातातोंडावर उडते ते वेगळे. पैसे वाचतात म्हणून ते घेऊ नका.

आता जे सांगतो ते बायाबापड्यांनी घरी जाऊन पुन्हा सांगावे. स्टील कंपनीने चेन-ब्रेक आणला १९७२ साली. पण ०७० सारख्या कितीतरी जुन्या मशिनींवर तो नाहीच. बारच्या टोकाचा वरचा भाग दुसऱ्या फांदीला लागला की मशीन क्षणात उसळून कापणाऱ्याच्या तोंडाकडे आणि खांद्याकडे येते. ब्रेक असेल तर पुढच्या पट्टीला हात लागून चेन थांबते. ब्रेक नसेल तर थांबवणारे काही नाही. म्हणून ब्रेक नसलेली मशीन घ्यायचीच असेल तर ती जमिनीवर पडलेल्या, अडवून ठेवलेल्या ओंडक्यालाच लावायची. झाडावर चढून नाही, खांद्याच्या वर नाही, एकट्याने तर नाहीच. डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून वळवलेला पाहिजे. गळ्यात उपरणे नको, धोतराचा सोगा मोकळा नको, पायात बूट आणि डोळ्यांवर चष्मा हवा. ज्या हाताने कापूस वेचायचा, ज्वारी सोंगायची, त्या हाताचा विमा कोणी काढलेला नाही.

कागदपत्राचे विचारा. जुनी पावती मागा, पावती नसेल तर विकणाऱ्याची सही घेऊन अनुक्रमांकासकट लिहून घ्या. जंगलातल्या चोरट्या तोडीत वापरलेली हत्यारे आणि गाड्या १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या ५२ व्या कलमाने जप्त होतात. तसल्या भानगडीतली मशीन तुमच्या गळ्यात पडायला नको. वृक्षतोडीचा १९६४ चा कायदाही आहे. सागवान, मोह, चिंच, आंबा, जांभूळ यांसारख्या यादीतल्या झाडांना वावरातली असली तरी परवानगी लागते. आपण लावलेल्या झाडासाठी दुसऱ्याचे दार का ठोठवायचे, याबद्दलचे आमचे म्हणणे तुम्हाला ठाऊक आहे. ती लढाई वेगळी. तोवर मशीन आणि माणूस दोन्ही अडकू देऊ नका.

भावाचा हिशेब असा करा. तेवढ्याच कामाच्या नव्या मशीनची दुकानातली किंमत आधी विचारून जा. जुन्याची मागितलेली किंमत, अधिक पडदा, नळ्या, चेन, बार, मेकॅनिकची मजुरी, अशी बेरीज करा. समजा बारा हजार मागितले आणि दुरुस्ती सहा हजारांची निघाली, तर मशीन अठरा हजारांची झाली. ही बेरीज नव्याच्या निम्म्याच्या पुढे गेली की सौदा सोडून द्या. पिस्टनवर ओरखडे असतील तर बेरीज करूच नका, ती सुट्या भागांचे भंगार म्हणून जेवढ्याला मिळेल तेवढ्याची.

आणि पाच घरे मिळून घेणार असाल तर पैसे देण्याआधी तीन गोष्टी वहीत लिहा. मशीन कोणाच्या घरी राहील, ऑइल मिसळलेले पेट्रोल कोण आणेल, आणि चेनला कानस कोण मारेल. ०७० च्या त्या चेनला गोल कानस लागते साडेपाच मिलिमीटरची. लाकडातून चिपट्या पडायच्या थांबल्या आणि पिठासारखा भुसा पडू लागला, की काम थांबवून कानस हातात घ्यायची. बाभळीच्या बुंध्याच्या सालीत माती भरलेली असते; कापायच्या आधी ती साल कुऱ्हाडीने सोलून घेतली तर कानस निम्म्या वेळाच मारावी लागेल.