वाहक म्हणजे रोगी नव्हे

आज डॉक्टर झालेल्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

जळगावच्या मेहरूणहून उत्तरेला निघून तापी ओलांडली की चोपडा, यावल, रावेर आणि पुढे सातपुडा. माझी नोकरी त्या पायथ्याशी गेली. त्यामुळे बोलणार तिथलंच.

सुरुवातीच्या काळात एक पावरा आदिवासी बाई लेकराला घेऊन आली. वर्षाचंही नसेल. हातापायांची बोटं टम्म सुजलेली, हात लावला की किंचाळायचं. जवळच्या जुन्या कागदांवर कुणी ‘सांधेवात’ लिहिलेलं, कुणी नुसतीच लोहाची बाटली दिलेली. आमच्याकडे साधन म्हणजे एक सूक्ष्मदर्शक. काचपट्टीवर रक्ताचा थेंब, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट, वर कव्हरस्लिप आणि कडा व्हॅसलिनने बंद. प्राणवायू संपत गेला तशा गोल तांबड्या पेशी लांबट, टोकदार, विळ्यासारख्या झाल्या. आईवडिलांच्या काचपट्ट्यांवरही तेच! पण ती दोघं ठणठणीत, दरवर्षी ऊसतोडीला जाणारी. पुण्याला पाठवलेल्या नमुन्यांनी उलगडा केला : लेकरू सिकलसेलचं रुग्ण, आईवडील वाहक.

हे मी शहरातल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, “या लोकांचं रक्तच खराब.” हे वाक्य पुढे मी शिबिरांत ऐकलं, परिषदांत ऐकलं, आणि दर वेळी तितकाच संतापलो. कारण ते शास्त्रदृष्ट्या चूक आहे.

अँथनी ॲलिसन यांनी 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की ज्याच्याकडे सिकलसेलच्या जनुकाची एकच प्रत असते, म्हणजे जो वाहक असतो, त्याला फाल्सिपॅरम मलेरियापासून संरक्षण मिळतं. थॅलॅसेमियाबद्दल असाच तर्क जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1949 मध्येच मांडला होता. आपल्याकडचा सिकलसेलचा बदल आफ्रिकेतून आला की वेगळा उगम पावला, याबद्दल जनुकीय अभ्यासांत मतभेद आहेत. तो कुठूनही आला असो, अनेक भागांत, जिथे मलेरियाने पिढ्यान्‌पिढ्या लेकरं नेली, तिथे निसर्गाने हा बदल टिकवला. सातपुड्याच्या जंगलात त्याने असंख्य मुलं जगवली. त्याची किंमत दोन प्रती मिळालेल्या लेकरांनी मोजली, आजही मोजतात.

पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे डॉ. सुदाम काटे आदिवासी पाड्यांवर रक्त तपासत फिरले, तेव्हा आमच्या व्यवसायातल्या किती जणांना त्यात रस होता? फार थोड्यांना. या सगळ्यामागची उत्क्रांती बारावीला वाचायची, प्रवेश परीक्षेत गुण मिळवायचे आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारात सोडून द्यायची, हीच आमची रीत. 2023 मध्ये तर एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातूनच ती काढली. आजार कसा होतो हे आम्ही घोकलं. तो माणसात टिकून का राहिला, हे आम्हाला कुणी विचारलं नाही.

जुलै 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे, 2047 पर्यंतचं. तपासण्या मोठ्या संख्येने होताहेत, हे चांगलंच आहे. रुग्णांना हायड्रॉक्सीयुरिया मिळायला हवं, पाणी भरपूर पिण्याचं, थंडीत जपण्याचं सांगायला हवं. पण मला भीती वेगळीच आहे. एका शिबिरात मुलीच्या हाती ‘वाहक’ असं लिहिलेला कागद पडला, समजावून कुणी सांगितलं नाही, आणि ठरलेलं लग्न मोडलं. मुलाचं रक्त तर कुणी तपासलंही नव्हतं.

तुमच्यातले काही जण धडगावला, अक्कलकुव्याला, शिरपूरला जातील. तिथे कागद हातात देण्याआधी त्या माणसाला समोर बसवा. सांगा, की तू आजारी नाहीस, तुझ्या रक्तात दोष नाही, तुझ्या वाडवडिलांना याच रक्ताने तापातून वाचवलंय. लग्नाआधी दोघांचंही रक्त तपासायला लावा. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. एकच वाहक असेल आणि दुसऱ्याच्या हिमोग्लोबिनमध्ये काहीच बदल नसेल, तर त्यांच्या एकाही मुलाला सिकलसेलचा आजार होत नाही.