यंत्रावरील संमती आणि मनातील होकार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कुंभकोणम् येथे दिलेले भाषण)



मी वैद्यकशास्त्राचा अभ्यासक नाही. कला शाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलेला आणि आयुष्याची बरीच वर्षे अर्ज, दाखले व सह्या यांच्या सहवासात घालविलेला मी एक साधा अधिकारी आहे. परंतु सही केव्हा खरी आणि केव्हा पोकळ, हा प्रश्न माझ्या रोजच्या व्यवहारातला आहे. वैद्यकीय संशोधनात सहभागी होण्यासाठी रुग्णाची संमती आता कागदाऐवजी यंत्राच्या पडद्यावर घेतली जाऊ लागली आहे. त्याविषयी चार शब्द बोलण्याचे धाडस मी एवढ्याच अधिकाराने करीत आहे.

या भूमीला वैद्यकीय संशोधन नवे नाही. येथून जवळच तंजावर येथे सरफोजी राजे दुसरे यांनी धन्वंतरी महाल चालविला. नेत्ररुग्णांच्या विकारांची टिपणे व डोळ्यांची चित्रे त्यांनी करवून घेतली आणि अनुभवसिद्ध उपचारांचा संग्रह तमिळ पद्यात ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने सिद्ध झाला. त्या काळी संशोधनासाठी रुग्णाची लेखी संमती घ्यावी असा दंडक जगात कोठेच नव्हता. राजाची कृपा आणि रुग्णाचा विश्वास एवढ्यावरच सारे चाले.

पुढे हत्तीरोगाने कुंभकोणमचे नाव दूरवर नेले. या रोगाचे सूक्ष्म जंतू रुग्णाच्या रक्तात प्रामुख्याने रात्री वावरतात, म्हणून तपासणीचे रक्तही रात्रीच घ्यावे लागे. १९५५ साली राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. अशा तपासणीत घरच्या माणसाने दार उघडून बोट पुढे केले की तोच होकार समजण्याची रीत पडणे स्वाभाविक होते. आता हा रोग पुष्कळ ओसरला आहे. परंतु दार उघडणे म्हणजे संमती देणे काय, हा प्रश्न मात्र ओसरलेला नाही.

या प्रश्नाला जगाने फार मोठी किंमत देऊन उत्तर शोधले. नाझी छळछावण्यांतील प्रयोगांचा न्यायनिवाडा झाल्यावर १९४७ साली न्यूरेंबर्ग संहिता आली, तर १९६४ साली हेलसिंकीचा जाहीरनामा. आपल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८० साली पहिले धोरणपत्रक काढले आणि २००० साली सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. या साऱ्यांचे सार एवढेच की, संशोधनाचा हेतू, त्यातील धोके, उपलब्ध असलेले अन्य उपचार आणि इजा झाल्यास मिळणारी भरपाई हे सर्व समजल्यावर माणसाने स्वखुशीने दिलेला होकार म्हणजे संमती. तो होकार वाटेल तेव्हा परत घेता येतो आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांत यत्किंचितही उणीव येता कामा नये.

नियम असूनही ते कसे पायदळी तुडविले जातात, याचे उदाहरण दूरचे नाही. तेव्हा आंध्र प्रदेशात असलेल्या खम्मम जिल्ह्यात २००९ साली शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस प्रायोगिक प्रकल्पात देण्यात आली, तेव्हा अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. २०१० साली तो प्रकल्प थांबविण्यात आला आणि संसदेच्या स्थायी समितीने २०१३ साली त्यावर कडक ताशेरे ओढले. कागद भरलेला होता, सहीही होती. नव्हती ती केवळ संमती. त्याच वर्षी औषधचाचण्यांविषयीच्या एका याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने संमतीच्या प्रक्रियेचे ध्वनिचित्रमुद्रण करण्याचा आदेश दिला. २०१९ च्या नव्या नियमांत काही चाचण्यांपुरते, दुर्बल गटातील व्यक्तींसाठी ते बंधनकारक आहे. ज्याला वाचता येत नाही अशा माणसाच्या बाबतीत संपूर्ण प्रक्रियेत एक निःपक्ष साक्षीदार हजर असला पाहिजे, असेही नियम सांगतात.

आता यंत्राकडे वळू. संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी इलेक्ट्रॉनिक संमतीला मान्यता दिली. तीत माहितीपत्रकाची जागा मजकूर, चित्रे, ध्वनी व चलच्चित्र घेतात आणि सही पडद्यावर होते. मात्र रुग्णाला दाखवावयाची प्रत्येक गोष्ट आधी नैतिकता समितीने संमत केलेली असली पाहिजे. २०२० साली करोनाच्या साथीत रुग्ण एकांतवासात, नातलग दाराबाहेर आणि कागदाला हात लावण्याचीही भीती, अशा अवस्थेत या पद्धतीची उपयुक्तता सर्वांना पटली.

परंतु सोय आणि समज या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०१५ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने हृदयाच्या आरोग्याचा एक अभ्यास आयफोनद्वारा सुरू केला. संमतीही फोनवरच द्यावयाची होती. ऑक्टोबरपर्यंत ४८,९६८ जणांनी ती दिली. जुन्या पद्धतीने एवढी माणसे जमविण्यास किती वर्षे लागली असती! परंतु त्यांचे मध्यक वय होते ३६ वर्षे आणि शंभरांत ८२ पुरुष होते. हालचालींची सातही दिवसांची नोंद पुरी करणारे निघाले अवघे ४,५५२. यावरून दोन बोध घेता येतात. एक म्हणजे, फोन ज्यांच्या हाती सहज खेळतो तेच अशा अभ्यासात येतात. घरातील आजी, जिचे हृदय खरोखर तपासावयाचे, ती बाहेरच राहते. दुसरा असा की, जो होकार बोटाच्या एका स्पर्शाने मिळतो त्याचा विसरही तितक्याच सहजतेने पडतो.

आपल्या घरांत ही अडचण दुप्पट होते. येथील जुन्या घराण्यांतील वडीलधारी माणसे घरात तंजावरी मराठी बोलतात, बाजारात तमिळ बोलतात आणि वाचतात ती बहुधा तमिळ लिपीच. त्यांच्यापुढे पुण्यात तयार झालेले शुद्ध मराठी पत्रक ठेवले तर देवनागरी अडते, आणि तमिळ पत्रक ठेवले तर कधी कधी शास्त्रीय शब्द अडतात. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने संमतीची विचारणा इंग्रजीत अथवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय असावा, हे तत्त्व स्वीकारले. त्या अनुसूचीत मराठी आहे, तमिळही आहे. मात्र संशोधनासाठी त्या कायद्यात काही सवलती ठेवलेल्या आहेत, म्हणून केवळ कायद्यावर विसंबून चालणार नाही.

आणि नेमके येथेच यंत्र आपला मित्र होऊ शकते. कागद बोलत नाही, यंत्र बोलते. आजीला कळेल अशा बोलीत ते सांगू शकते, दहा वेळा सांगू शकते, आणि घाई करीत नाही. मधून मधून प्रश्न विचारून तिला काय समजले हे पडताळून पाहू शकते. हे सारे करणारे यंत्र मला कागदाहून श्रेष्ठ वाटते. परंतु तेच यंत्र नातवाच्या हाती देऊन, फोनवर आलेला गुप्त क्रमांक त्याच्याकडून घालून घेऊन ‘आजींची संमती मिळाली’ अशी नोंद होणार असेल, तर खम्ममच्या अधीक्षकांत आणि आपल्या नातवात फरक तो काय राहिला?

म्हणून माझी आपणांस नम्र सूचना आहे. कोणी संशोधनासाठी संमती मागितली तर ती तेथल्या तेथे देऊ नये. माहिती घरी नेऊन ऐकावी. संमतिपत्राची प्रत मागून घ्यावी. तो आपला हक्क आहे. अडचण आल्यास कोणास फोन करावा आणि बाहेर पडावयाचे झाल्यास कसे पडावे, हे आधी विचारावे. शेवटी वडीलधाऱ्यांना म्हणावे, “काय करणार आहेत ते तुमच्या शब्दांत सांगा.” त्यांना सांगता आले तरच त्यांचे बोट पडद्यावर टेकू द्यावे. या कामी मंडळालाही हातभार लावता येईल. मराठी व तमिळ दोन्ही उत्तम जाणणाऱ्या तीन-चार सभासदांनी साक्षीदार व दुभाषे म्हणून उभे राहावे. होकाराचा वा नकाराचा आग्रह मात्र त्यांनी धरू नये.

माझ्या बोलण्याने कोणी संशोधनालाच पाठ फिरवू नये. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोगावर एक अभ्यास सुरू झाला. काही रुग्णांना आरोग्यधामात, तर काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच औषधे देण्यात आली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, की घरचे उपचार जवळजवळ तितकेच गुणकारी ठरतात आणि घरच्या माणसांचा धोकाही त्यामुळे वाढत नाही. जगभरच्या असंख्य क्षयरोग्यांना घरी राहून बरे होण्याचा मार्ग मद्रासच्या त्या गरीब रुग्णांनी मोकळा करून दिला. संशोधनात भाग घेणे हे दान आहे. आणि दान समजून-उमजून दिलेले असावे, असे आपली परंपराच सांगते.

यंत्रे बदलतील, पडदे बदलतील. ‘हो’ म्हणणारा माणूस जाणता असावा, ही अट मात्र बदलू देता कामा नये.