एरर आली? आधी ती वाचा



नागपूरच्या धंतोलीत चार पावलं चाललात की एक दवाखाना लागतो, त्याच्या शेजारी पॅथॉलॉजी लॅब, समोर औषधाचं दुकान. प्रत्येक काउंटरवर कुणीतरी तरुण मुलगा नाहीतर मुलगी पेशंटचं नाव, वय, मोबाइल नंबर कॉम्प्युटरमध्ये भरत असते. ही माहिती साठते डेटाबेसमध्ये. रोज माहिती भरणाऱ्या या मुलांनी ती विचारायलाही शिकावं, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी इंजिनीअर असावं लागत नाही.

१९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी मांडलं, की माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि ती डिस्कवर नेमकी कुठे पडली आहे याची चिंता विचारणाऱ्याला नसावी. त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये त्यासाठी भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल झाली.

ही भाषा शिकायला बसलात की पहिल्याच तासाला एरर येणार. मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरत असाल तर बहुधा १०६४ नंबरची, म्हणजे वाक्यरचना चुकल्याची. बरीच मुलं ती न वाचताच सगळं पुसून पुन्हा टाइप करतात. तसं करू नका. त्या संदेशात ‘निअर’ या शब्दापुढे तुमच्याच क्वेरीचा, म्हणजे तुम्ही लिहिलेल्या प्रश्नाचा, तुकडा दिलेला असतो. समजा, तुम्ही ‘सिलेक्ट नेम’ लिहिलंत आणि ‘फ्रॉम पेशंट्स’च्या जागी ‘फॉर्म पेशंट्स’ टाइप झालं. मशीनला वाटतं, फॉर्म हे तुम्ही नेम या रकान्याला दिलेलं दुसरं नाव आहे. ते पुढे जातं आणि पेशंट्सपाशी अडतं. संदेश पेशंट्सकडे बोट दाखवतो, चूक मात्र एक शब्द आधी असते. म्हणून दाखवलेल्या जागेपासून मागे वाचत या. वर्डमधून क्वेरी कॉपी केली असेल तर अवतरणचिन्हं तपासा. तिथली वळणदार चिन्हं इथे चालत नाहीत.

मला खरी काळजी वाटते ती एरर न देणाऱ्या चुकांची.

मोबाइल नंबरचं घ्या. नवशिके तो हमखास ‘इंट’ म्हणजे पूर्णांकाच्या रकान्यात ठेवतात. त्या रकान्याची कमाल मर्यादा २१४ कोटींच्या आसपास, आणि आपले दहा आकडी नंबर सुरू होतात सहाशे कोटींपासून. आजचं मायएसक्यूएल सहसा इथे एरर देतं. पण कडक तपासणी बंद असेल, तर प्रत्येक पेशंटपुढे २१४७४८३६४७ हा एकच आकडा मुकाट्याने लिहिला जातो. मोबाइल नंबरची बेरीज-वजाबाकी कुणी करत नाही. तो मजकूर म्हणूनच ठेवा.

त्याहून गंभीर आहे ‘नल’, म्हणजे न भरलेली जागा. ज्यांची ॲलर्जी विचारायची राहून गेली, त्या पेशंटची यादी तुम्हाला हवी आहे. तुम्ही लिहिलंत, ‘व्हेअर ॲलर्जी इक्वल टू नल’. उत्तर येतं, शून्य ओळी. एरर नाही, काही नाही. तुम्ही निश्चिंत होता, आणि अर्धवट फॉर्म तसेच राहतात. नलशी बरोबरीची तुलना कधीच खरी ठरत नाही, कारण जे माहीतच नाही ते कशाच्या बरोबरीचं म्हणायचं? तिथे ‘इज नल’ लिहावं लागतं. दवाखान्यात ही चूक माणसाच्या जिवाशी येऊ शकते.

सरावासाठी खऱ्या पेशंटची माहिती मात्र घेऊ नका. तो त्यांच्या खाजगीपणाचा प्रश्न आहे. मनाने वीस नावं रचा. एसक्यूलाइट हा डेटाबेस मोफत मिळतो, साध्या लॅपटॉपवर इंटरनेटशिवाय चालतो. तक्ता वीस ओळींचा असला की उत्तर बरोबर आलं की नाही हे बोटांवर मोजून पडताळता येतं. ती पडताळणी रोज करा. माझ्या मते अर्धी विद्या तिथेच हाती येते.

शेवटी अपडेट आणि डिलीट या आज्ञांविषयी. यात ‘व्हेअर’ राहून गेलं, तर तक्त्यातली प्रत्येक ओळ बदलते किंवा जाते. म्हणून आधी तेच व्हेअर लावून सिलेक्ट चालवा आणि कोणत्या ओळी येतात ते डोळ्यांनी बघा. मग ‘बिगिन’ लिहून बदल करा, किती ओळी बदलल्या तो आकडा वाचा. एक बदलायची होती आणि वीस बदलल्या, तर लगेच ‘रोलबॅक’ लिहून बदल मागे घ्या. आकडा जुळला तरच ‘कमिट’ लिहून बदल पक्का करा.